वेलांटी उडाली

ज्या गावाच्या नावाचं पहिलंच अक्षर पहिल्या वेलांटीचं आहे, त्या गावाने फोटोशॉपच्या वाटेला जपूनच जावं. आमच्या भिवंडीला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही. 'भि' उमटवायला गेलं की वेलांटी 'भ'ला सोडते, एक घर पुढे सरकते आणि 'व'च्या डोक्यावर जाऊन बसते. शहराचं नाव होतं 'भविंडी'. महानगरपालिकेचं पूर्ण नाव तर भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिका, म्हणजे लागोपाठ दोन शब्द पहिल्या वेलांटीने सुरू होणारे. भिवंडीची भविंडी झाली की पाठोपाठ निजामपुराचा 'न' बोडका होतो आणि त्याची वेलांटी 'ज'च्या गळ्यात पडते. ठाणेकरांना आणि पालघरवाल्यांना हे दुःख कळायचं नाही. त्यांच्या नावात तुटण्यासारखं काही नाही. डोंबिवलीकर तेवढे आमचे समदुःखी. त्यांची 'डोंबविली' होते.

धामणकर नाक्याच्या बाजूला एका बॅनरच्या दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो. दुकानदार मला 'सर' म्हणतो आणि कटिंग पाजतो, कारण मी शुद्धलेखन फुकट तपासतो. मागच्या गल्लीत यंत्रमाग खडखडत असतात, पुढे रिक्षा, आणि मधे त्या दहा बाय बाराच्या खोलीत भिवंडीचे वाढदिवस, हळदी, उरूस, पुण्यतिथ्या आणि 'भावी' मंडळी शाईच्या वासात जन्माला येतात. काम करतो तो ऑपरेटर पंचविशीतला. त्याची भाषा भिवंडीची, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं, नाक्यापर्यंत हिंदीत जातं आणि शिवी द्यायची वेळ आली की परत मराठीत येतं. मजकूर तुटला की तो शांतपणे एवढंच म्हणतो, "सर, मात्रा उड गया." त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार हे सगळं 'मात्रा'च. आणि ते कधी मोडत नाही, सरकत नाही. उडतं.

गिऱ्हाईक येतं ते व्हॉट्सअॅपवर मॅटर घेऊन. "दादा, हेच टाक, जसंच्या तसं." ऑपरेटर कॉपी करतो, फोटोशॉपमध्ये पेस्ट करतो आणि पडद्यावर येतं: 'वाढदविसाच् या हार् दकि शुभेच् छा'. 'च' पाय मोडून एकीकडे पडलेला, 'या' दुसरीकडे. 'हार्दिक'चा रफार चढलेलाच नाही; 'र' जमिनीवर लंगडत उभा. गिऱ्हाईक मोबाईल नाचवत म्हणतं, "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय!" ते खोटं बोलत नसतं. मोबाईलवर बरोबर दिसतं, नोटपॅडमध्ये बरोबर दिसतं, वर्डमध्ये बरोबर दिसतं. फक्त जिथे दहा बाय आठ फुटांवर छापायचं असतं, तिथेच नेमकं तुटतं.

यातली गंमत अशी की मजकूर कुठेही तुटलेला नसतो. युनिकोडमध्ये 'भि' साठवतात तेव्हा आधी 'भ' आणि मग वेलांटी, अशा क्रमाने साठवतात. आपण उच्चार करतो तसं. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी, 'भ' नंतर. ही अदलाबदल करायला, अर्धा 'च' 'छ'ला चिकटवायला, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायला संगणकात एक मधला माणूस लागतो. विंडोजने तो 2000 सालच्या आवृत्तीपासून ठेवला आहे, मोबाईलमध्येही तो आहे. फोटोशॉप मात्र अक्षरं मांडायला विंडोजवर विसंबून राहत नाही, स्वतःचं इंजिन वापरतं. आणि त्या इंजिनाला, निदान आमच्या दुकानातल्या आवृत्तीत, आपण कोणत्या लिपीचे हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते इंग्रजीसारखं एकामागून एक अक्षर मांडत सुटतं. आले त्या क्रमाने रांगेत उभे राहा, एवढाच त्याचा नियम. मागावर काम केलेल्या माणसाला हे पटत नाही. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. इथे शब्दाचे चार तुकडे झाले तरी मशीन बेफिकीर छापत राहतं, वर फ्लेक्सच्या कडेला आयलेटही ठोकले जातात.

या रोगावर दुकानात जे उपचार चालतात, त्यांवर एक वेगळा आयुर्वेद लिहिता येईल. पहिला उपचार, संगणक बंद करून चालू करणे. दुसरा, फॉन्ट बदलणे. मग ऑपरेटर यादीतले सगळे फॉन्ट एकेक करून लावतो आणि प्रत्येक फॉन्टात वेलांटी तितक्याच निष्ठेने चुकीच्या जागी बसते. फक्त जाड होते, बारीक होते, तिरकी होते. तिसरा उपचार, शेजारच्या दुकानातल्या पोराला बोलावणे. तो येतो, माऊस हातात घेतो, "विंडोज मारावं लागेल" म्हणतो आणि जातो. विंडोज मारणे हा भिवंडीतला सर्वरोगहर काढा आहे. प्रिंटर अडकला तरी विंडोज मारतात. चौथा उपचार सगळ्यात लोकप्रिय: वर्डमध्ये मोठ्या अक्षरात मजकूर लिहायचा, पडद्याचा फोटो काढायचा, तो फोटोशॉपमध्ये आणून पांढरं पुसायचं. अशा बॅनरवर अक्षरं बरोबर असतात, पण जवळून पाहिलं तर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. बॅनर जवळून कोणी पाहत नाही, हा या धंद्याचा पाया आहे.

जुने ऑपरेटर असले काही करत नाहीत. ते श्रीलिपीत टाईप करतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम आणि हिंदीवाल्यांचं कृतिदेव यांनी महाराष्ट्रातल्या डीटीपीची एक अख्खी पिढी पोसली. या फॉन्टांची युक्ती मोठी हुशारीची होती. संगणकाला वाटत असतं आपण इंग्रजी लिहितोय. फॉन्टने तेवढं इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे चढवलेले असतात. मधल्या माणसाची गरजच उरत नाही, त्यामुळे फोटोशॉपमध्ये काहीही तुटत नाही. मात्र मुखवटा हरवला की खरा चेहरा बाहेर येतो. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की लेयरवर पिवळा त्रिकोण येतो आणि कृतिदेवात लिहिलेला 'भारत' एच, के, के, जे, आर अशा इंग्रजी अक्षरांत उभा राहतो. याला धंद्यात 'फॉन्ट उडाला' म्हणतात. म्हणजे नव्या पद्धतीत मात्रा उडते आणि जुन्या पद्धतीत आख्खा देश.

यात पुन्हा कॅप्स लॉकची भानगड. इंग्रजीत कॅप्स लॉक चुकून दाबला गेला तर माणूस फार तर ओरडल्यासारखा वाटतो. जुन्या फॉन्टात मोठं 'के' आणि लहान 'के' ही दोन वेगळीच मराठी चिन्हं. फोटोशॉपच्या कॅरेक्टर पॅनेलमध्ये 'ऑल कॅप्स'चं एक छोटं बटण असतं. ते इंग्रजीच्या कामात दाबलेलं राहून गेलं, की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आजोबांच्या पुण्यस्मरणाचा मजकूर अज्ञात भाषेत उमटतो. अशा वेळी ऑपरेटर तासभर फॉन्टला दोष देतो. त्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत 'रिसेट कॅरेक्टर' नावाची ओळ आहे. ती दाबली की सगळे दाबलेले विकार एकदम शमतात. पण ती ओळ इतक्या तळाशी आहे, की तिथवर जायला वैराग्य लागतं.

श्रीलिपीवाल्या हाताची आणखी एक खोड आहे. तो हात वेलांटी आधी मारतो. त्याचा दोष नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळापासून महाराष्ट्रातल्या छापखान्यांत जुळारी वेलांटीचा खिळा आधी उचलत आला, मग अक्षराचा. मराठी टंकलेखन यंत्रावरही वेलांटी आधी, अक्षर नंतर. डोळ्यांना जे आधी दिसतं ते आधी. युनिकोडने हा दीडशे वर्षांचा शिरस्ता उलटा केला. जुना ऑपरेटर युनिकोडमध्ये सवयीने आधी वेलांटी मारतो, तेव्हा पडद्यावर टिंबाटिंबांचं एक पोकळ वर्तुळ येतं आणि वेलांटी त्याला धरून उभी राहते. तो मला विचारतो, "सर, हा कोणता शब्द?" मी म्हणतो, "हा शब्द नाही, ही रिकामी खुर्ची आहे. अक्षर येईपर्यंत धरून ठेवलीय."

मला या सगळ्यात सर्वांत जास्त हसू येतं ते 1953 सालचं. त्या वर्षी लखनौला देवनागरीच्या सुधारणेसाठी परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. राधाकृष्णन. छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं म्हणून विद्वानांनी ठरवलं, की पहिली वेलांटी यापुढे अक्षराच्या डावीकडे नको, उजवीकडे द्यावी. दुसरीसारखीच, फक्त तिचा दांडा आखूड. लोकांना ते रुचलं नाही आणि 1957 मध्ये निर्णय मागे घेतला गेला. वेलांटी आपल्या जुन्या जागी परतली. देशातल्या एवढ्या थोरांना जे चार वर्षं रेटून जमलं नाही, ते सॉफ्टवेअर एका पेस्टमध्ये करून दाखवतं. वेलांटी उजवीकडे. वर दांडाही आखूड करत नाही. सावरकरांनीही छपाईच्या सोयीसाठी 'अ'चीच बाराखडी चालवून पाहिली होती. यंत्रापायी लिपीने वाकावं की लिपीपायी यंत्राने, हा वाद आपल्याकडे जुना आहे. भिवंडीत सध्या दोघंही वाकत नाहीत; वाकतो तो ऑपरेटर, तेही खुर्चीची पाठ मोडलेली असल्यामुळे.

राजकीय बॅनरांचा अभ्यास केल्यावर मला एक शोध लागला. 'भावी नगरसेवक' हे शब्द कुठल्याही आवृत्तीत, कुठल्याही फॉन्टात, कितीही चुकीच्या सेटिंगवर तुटत नाहीत. 'भावी'ला दुसरी वेलांटी आहे, ती मुळातच उजवीकडे असते. 'नगरसेवक'मध्ये एकही जोडाक्षर नाही. 'आमदार', 'खासदार' हेही अभंग. 'मंत्री' झाला की मात्र 'त' पाय मोडून बसतो. 'निवडणूक' तुटते आणि होते 'नविडणूक'. 'विकास' तर सगळ्यांत आधी तुटतो. त्याची वेलांटी 'व'ला टाकून थेट 'क'कडे धावते. यात माझं काही मत नाही, मी फक्त पडद्यावर काय दिसलं ते सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा अभिनंदनाच्या बॅनरांचं काय होणार हे मला आधीच माहीत होतं. 'अभिजात' आणि 'अभिनंदन', दोन्ही शब्दांत दुसऱ्या जागी तीच बाई उभी.

देवांचंही फार बरं नाही. आमच्या तालुक्यातली वज्रेश्वरी; वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलून 1739 च्या विजयानंतर फेडला, ती. तिच्या नावात दोन जोडाक्षरं, दोन्ही पाय मोडतात. कामतघरच्या तलावावरची वऱ्हाळदेवी तर ऑपरेटरची खरी परीक्षा. 'वऱ्हाळ' लिहायला रफार चालत नाही, चंद्रकोरीसारखा तो आडवा 'र' लागतो, आणि तो ना हिंदीवाल्याला माहीत ना कीबोर्डवर सहज सापडतो. रफार देऊन काम उरकलं तर कामतघरचे लोक येऊन उभे राहतात. शिवजयंतीच्या आधी आठवडाभर ऑपरेटर 'शि'कडे डोळ्यांत तेल घालून बघतो. तिथे वेलांटी सरकली तर प्रकरण दुकानात मिटत नाही. तशात बहुतेक फॉन्टांतले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. शासनाने 2022 च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' वापरा असं सांगितलं आहे. शासननिर्णय फ्लेक्सच्या दुकानात पोहोचायला वेळ लागतो.

एक दिवस ऑपरेटर मला म्हणाला, "सर, तुम्हारा मराठी ही नहीं टूटता." त्याच्या पडद्यावर ईदच्या मुबारकबादीचा उर्दू मजकूर होता आणि त्याची दशा मराठीहून वाईट होती. उर्दूची अक्षरं एकमेकांचे हात धरून चालतात, उजवीकडून डावीकडे. इथे त्यांनी हात सोडले होते आणि ती उलटी, डावीकडून लागली होती. 'मुबारक' शेवटापासून सुरुवातीकडे वाचावा लागत होता. उर्दूवाले म्हणूनच आपला मजकूर इनपेजमध्ये करून आणतात, जसे आमचे लोक श्रीलिपीत. आणि पद्मशाली समाजाच्या कार्यक्रमाचा तेलुगू मजकूर आला की त्यातल्या अक्षरांच्या पोटाखाली लटकणारी अक्षरं रांगेत येऊन उभी राहतात. तीन समाज, तीन लिप्या, तिघांची एकच तक्रार, आणि तिघांनाही वाटतं, की हे फक्त आपल्याच भाषेशी होतंय.

त्यावरचा इलाज एकच निघाला, ही या लेखातली एकुलती एक उपयोगी माहिती. फोटोशॉपच्या 'एडिट'मध्ये 'प्रेफरन्सेस', त्यात 'टाईप'. तिथे बऱ्याच आवृत्त्यांत टेक्स्ट इंजिन निवडायची सोय असते. काही आवृत्त्यांत पर्यायाचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन', त्यांच्या नंतरच्यांत 'वर्ल्ड-रेडी लेआउट'. त्यावर टिचकी मारायची आणि नवी फाईल उघडायची. वेलांटी निमूटपणे डावीकडे जाते, रफार चढतो, 'च्छ' जुळतो; उर्दूची अक्षरं पुन्हा हात धरतात. आधीच तुटलेल्या लेयरला हे आपोआप लागत नाही; त्यासाठी मजकूर निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावायचा. आवृत्ती फार जुनी असेल तर ही सोयच सापडणार नाही, मग वर्डचा फोटो जिंदाबाद.

त्या पर्यायाचं जुनं नाव मला फार आवडलं. अरबस्तान आणि दक्षिण आशिया एका टिचकीत. भिवंडीचा याहून नेमका पत्ता कोणी लिहिला नसेल. 1984 च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभारल्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसवली आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना हे गाव शांत राहिलं. त्या सतरंज्यांना किती चहा आणि किती रात्री लागल्या असतील! सॉफ्टवेअरमध्ये उर्दू आणि मराठी एका टिचकीवर शेजारी नांदतात, आणि दुकानांत ती टिचकी मारायला कोणी जात नाही. मेनूत खोलवर जाऊन नवीन काही दाबायचं म्हणजे उद्याची ऑर्डर धोक्यात, असा धंद्याचा समज आहे. आमच्या ऑपरेटरने दाबलं. मग महिनाभर सगळ्या नाक्यावर सांगत होता, की सरांनी विंडोज न मारता मात्रा बसवली. मी ते नाकारलं नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. 'मी टाईप करतोय पण दिसत नाही' म्हणून जे बोंबलतात, त्यांचा मजकूर बहुधा पांढऱ्यावर पांढरा असतो, किंवा साहेबांच्या फोटोखाली गेलेला असतो. फोटोचा लेयर वर, मजकुराचा खाली. लेयर वर ओढला की प्रश्न संपला, पण साहेबांच्या चेहऱ्यावर अक्षरं आलेली साहेबांना चालत नाहीत. अर्धाच मजकूर दिसत असेल तर चौकट लहान पडली. कोपऱ्यातला अधिकच्या खुणेचा छोटा चौकोन तेच सांगत असतो. सगळ्या ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर ओळींमधल्या अंतराचा आकडा कोणीतरी शून्याजवळ नेलेला असतो. आणि अक्षरं मुंगीएवढी आली तर फाईलचं रिझोल्यूशन बघा. बहात्तरच्या फाईलमधून उचललेला मजकूर तीनशेच्या फाईलवर टाकला तर मुंगी होणारच.

तर भिवंडीत बॅनर करून घेणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगणं: मॅटर हाताने लिहून त्याचा तिरका फोटो पाठवू नका, मोबाईलवर टाईप करून पाठवा. जुनी फाईल देत असाल तर तिच्यासोबत फॉन्टही द्या. प्रूफ आलं की 'ओके' म्हणण्याआधी स्वतःच्या फोटोखेरीज मजकुराकडेही एकदा बघा. आणि साहेबांचा वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो, तो आदल्या रात्री दहा वाजता आठवू नका. ऑपरेटरला कल्याणची शेअर रिक्षा पकडायची असते.